आवर्तसारणीचा मराठी तक्ता : आठवीच्या वर्गातून
शालेय साहित्याच्या दुकानातून आठवीच्या वर्गासाठी आणलेल्या या लॅमिनेट केलेल्या तक्त्यात 7 आवर्त (आडव्या ओळी) आणि 18 गण (उभे स्तंभ) ठळक मांडले असून, धातू, अधातू व धातुसदृश यांचे रंग शेवटच्या बाकावरूनही ओळखू येतात. संज्ञेखाली बारीक अक्षरांत लॅटिन नाव दिल्यामुळे ‘सोडियमची संज्ञा एनए का?’ या दरवर्षीच्या प्रश्नाचे ‘नेट्रियम’ हे उत्तर मुलांनी स्वतःच शोधले. मात्र 2016 मध्ये निहोनियम हे नाव मिळालेल्या 113व्या मूलद्रव्याच्या चौकटीत अजूनही ‘अनअनट्रियम’ हे जुने तात्पुरते नावच आहे; मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली. (छपाई जुनी, किंमत मात्र ताजी!) आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने रिकाम्या सोडलेल्या आणि 1875 मध्ये गॅलियमच्या शोधाने भरलेल्या जागेवर एखादी खूण असती, तर शिकवताना अधिक रंगत आली असती.