स्नोबाइकची पुढची स्की: नुसती रुंदी बघू नका

डर्टबाइकची स्नोबाइक (बर्फावर चालणारी बाइक) करायला पुढचं चाक काढून स्की बसवताना बहुतेक जण रुंदीच बघतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात ते बरोबरच आहे, कारण रुंद स्की तरंगते. पण बर्फ दबून घट्ट झालेल्या वाटेवर खरी कसोटी तळाच्या कीलची, म्हणजे स्कीखाली लांबीभर असलेल्या उभ्या कडेची. एकच खोल कील स्नोमोबाइलच्या चाकोरीत अडकली की हँडल हिसके देतं. दोन कीलची स्की तुलनेने सरळ जाते, वळवायला मात्र थोडी जड. घट्ट वाट आणि भुसभुशीत बर्फ दोन्ही असेल तर दोन कीलचीच घ्या.

कीलखालच्या कार्बाइड पट्टीवरून (कठीण धातूची धारदार पट्टी) बोट फिरवून बघा: धार गोल झाली असेल तर वळणावर पुढचा भाग घसरणारच. स्की आणि स्पिंडल (स्कीला बाइकच्या फोर्कशी जोडणारा भाग) यांमधला रबरी ठोकळा मऊ पडला, तर उडीत स्कीचं नाक खाली झुकतं. अ‍ॅक्सलचा व्यास मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून फिट किट (स्की आपल्या बाइकला बसवायचे जोडभाग) आधी ठरवा.