नाशिकच्या नावांवरची हेरिटेज वॉक: जरूर करा, फक्त लेणीला जास्त वेळ मागून घ्या

आधीच सांगते, ही वॉक देवदर्शनाची नाहीये. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा सगळं वाटेत लागतं, पण विषय एकच, या गावाला आजवर काय काय नावं पडली आणि कोणत्या काळात लोकांनी त्याचा काय अर्थ लावला. माणशी 500 रुपये, सकाळी रामकुंडावर सुरुवात, दुपारी पांडवलेणीला शेवट, तपोवन आणि लेणीसाठी गाडी त्यांचीच. बाहेरच्यांपेक्षा नाशिककरांनीच आवर्जून करावी असं माझं मत, कारण आपल्याला लहानपणापासून एकच माहिती, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, आणि त्यापुढे कोणी विचारतच नाही.

गाईडकाका संस्कृत शिकवायचे, त्यामुळे बोलणं एकदम मुद्द्याचं. सुरुवातच त्यांनी जुन्या श्लोकाने केली, कृतयुगात पद्मनगर, त्रेतात त्रिकंटक, द्वापारात जनस्थान आणि कलियुगात नासिक. म्हणजे नाव बदलत जातं हे इथल्या लोकांनी स्वतःच श्लोकात बांधून ठेवलंय. यातलं जनस्थान मला फार आवडलं. रामायणात खर-दूषणांचा मुलूख म्हणून येणारं हे नाव, आणि आज जनस्थान म्हटलं की मराठी माणसाला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा पुरस्कार आठवतो, 1991 चा पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला होता. राक्षसांच्या वस्तीचं नाव साहित्यिकांच्या सन्मानाला लागलं, आणि कोणाला काही खटकत नाही! पंचवटीचं पण तसंच, पाच वडांची जागा, पण रोज मुंबईला जाणाऱ्याला विचाराल तर पंचवटी म्हणजे गाडी.

तपोवनात नाकाची गोष्ट येतेच, आणि ती काका श्रद्धेने सांगतात, खिल्ली नाही उडवत. पण लगेच पुढे पतंजलीचं महाभाष्य, म्हणजे संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ, काढतात. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला हा ग्रंथ, त्यात 'नासिक्यं नगरम्' असं सरळ उदाहरण आहे. व्याकरणाचा नियम असा की 'य' प्रत्यय लागला की नासिका शब्दाचं नस् होतं, पण वर्ण (म्हणजे अक्षराचा उच्चार) आणि नगर या दोन अर्थांना तो नियम लावायचा नाही. म्हणजे गावाचं नाव तेव्हाच इतकं रुळलेलं होतं की व्याकरणकारांना त्याच्यासाठी अपवाद करावा लागला, हे ऐकून मी खरंच थांबले. नाक कोणाचं ते पतंजली सांगत नाही, पण नाव नाकाशी जोडलेलं होतं एवढं पक्कं.

नंतर पूल ओलांडून जुन्या गावात, सराफ बाजारातून काझीच्या गढीकडे. इथे दुसरा अर्थ, नऊ शिखरांचं, 'नवशिख', म्हणून नाशिक, 'नाशिक नव टेकांवर वसविले' ही म्हण आहेच. मला स्वतःला हा अर्थ मागाहून बसवलेला वाटतो, पण गल्ल्यांचे चढउतार पायाने मोजले की टेकांची म्हण उगाच नाही पडली हे पटतं. गढीवर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं होतं, आणि पावसाळ्यात तिची माती ढासळते म्हणून काका लांबूनच दाखवतात, ते योग्यच आहे.

गुलशनाबादवर मात्र अगदी पाच मिनिटं, आणि इथे मी नाराज आहे. मुघलांनी दिलेलं नाव, अर्थ बागांचं गाव, बस एवढंच. अहो पण मराठ्यांच्या काळातही नाशिकच्या टांकसाळीत शाह आलमच्या नावाने पडलेल्या रुपयांवर गुलशनाबादच आहे! राज्य मराठ्यांचं, बादशहा नावापुरता, आणि नाण्यावर गावाचं फारसी नाव, यावर अर्धा तास बोलता आलं असतं. आणि आज नोटा छापणारं गाव हेच, निदान नाण्याचा एखादा फोटो तरी दाखवा राव.

सगळ्यात भारी भाग पांडवलेणी. पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि दगडात बघणं वेगळं. 18 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, दरवाज्यावरच्या कमानीखाली प्राचीन ब्राह्मी लिपीत एक ओळ, नुसत्या डोळ्याला आधी ओरखडेच वाटतात, मग काका एकेक अक्षर बोटाने हवेत काढून दाखवतात आणि ती ओळ हळूहळू दिसायला लागते: 'नासिककनं धंभिकगामस दानं'. नासिकच्या लोकांनी धंभिक गाव दान दिलं. ना राजाचं नाव ना सेनापतीचं, गावाने गाव म्हणून केलेलं दान, दोन हजार वर्षांपूर्वीचं. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपातही एका खांबावर नासिकच्या गोरखिताचं, वसुकाच्या बायकोचं, दान कोरलंय, तो फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला. नाकाचा, टेकड्यांचा, बागांचा अर्थ लोक लावत राहिले, पण इथे नाव म्हणजे नुसतं 'आम्ही इथले', आणि मला तोच अर्थ सगळ्यात जवळचा वाटला.

इतकं चांगलं असून इथेच घाई करतात. पायऱ्या चढून दमलेली माणसं, डोक्यावर ऊन, आणि तीन नंबरच्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा एवढा मोठा शिलालेख उभ्याउभ्या उरकला. लेणी सकाळी आधी ठेवा आणि रामकुंड शेवटी, सगळा प्रश्न सुटेल, मी त्यांना सांगितलंय सुद्धा.

पाच पैकी चार स्टार. लहान मुलं कंटाळतील, दहावीच्या पुढची न्या. आजी-आजोबांना पायऱ्या झेपत नसतील तर गावातला भाग त्यांच्यासाठी पुरेसा आहे, बुक करतानाच तसं सांगा, पैसे कमी करतात. पाणी आणि टोपी घ्याच, आणि गुलशनाबादबद्दल मुद्दाम प्रश्न विचारा, विचारलं की काका सांगतात.