तळहातांचा घाम आणि आयंटोफोरेसिस मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आयंटोफोरेसिस म्हणजे पाण्यातून सौम्य करंट देऊन घाम कमी करण्याचा उपचार. आधी निकाल सांगून टाकते. मशीनने माझे तळहात कोरडे झाले आणि कोरडे राहिलेत. पण नेमाने बसलं तरच. मध्यंतरी खंड पडला आणि काही आठवड्यांत घाम पुन्हा हजर झाला. हा आजार बरा करणारा उपाय नाही, हे घेण्याआधीच कळलेलं बरं.

माझा घाम शाळेपासूनचा. उकाड्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. पेन हातात आलं किंवा कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की सुरू. उत्तरपत्रिकेवरची शाई फुटायची, आता फोन बोटाचा ठसा ओळखत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं, झोपेत घाम येतो का? येत नाही. लहान वयात सुरू झालेला, दोन्ही हातांना सारखा आणि झोपेत थांबणारा घाम म्हणजे बहुधा प्राथमिक हायपरहायड्रोसिस, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराशिवाय येणारा अतिघाम. यात घामाच्या ग्रंथी ठणठणीत असतात, त्यांना हुकूम सोडणाऱ्या नसा नको तितक्या तत्पर असतात. मोठेपणी अचानक अंगभर येऊ लागलेला किंवा रात्री कपडे भिजवणारा घाम ही वेगळी गोष्ट. त्यामागे थायरॉइड, मधुमेह, एखादा संसर्ग किंवा चालू असलेलं औषध असू शकतं. तसं असेल तर मशीन शोधत बसू नका, डॉक्टर गाठा.

मशीन म्हणजे दोन उथळ ट्रे, तळाशी धातूच्या पट्ट्या, वर जाळी आणि साधं नळाचं पाणी. एकेका ट्रेत एकेक तळहात ठेवायचा आणि सौम्य करंट हळूहळू वाढवायचा. मी साधारण 15 मिलिअँपिअरवर थांबते. एका वेळी 20 ते 30 मिनिटं, मध्यावर करंटची दिशा उलटी. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा, हात कोरडे झाले की आठवड्यातून एकदा पुरतं. एवढ्याने घाम का थांबतो, यावर तज्ज्ञांचंही अजून एकमत नाही.

दुखतं का? मुंग्या येतात, तेवढ्या सहन होतात. खरी चुरचूर होते ती मनगटाशी, पाण्याची कड जिथे टेकते तिथे. त्या रेषेवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावला की निभतं. नखाजवळ साल निघाली असेल तर तिथे सुई टोचल्यासारखं होतं, तिथेही जेली. अंगठ्या, बांगड्या काढूनच बसायचं. करंट शून्यावर आणल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही, नाहीतर चांगलाच झटका बसतो. आणि दोन्ही हात अडकले की नाक हमखास खाजतं!

क्षार काढून टाकणाऱ्या RO फिल्टरच्या पाण्यात करंट नीट वाहत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की वाहतो. कधीकधी हात इतके कोरडे पडतात की कातडी ताणल्यासारखी वाटते. मग क्रीम लावते आणि पुढची बैठक थोडी पुढे ढकलते. तळपायांना फरक पडायला हातांपेक्षा जास्त वेळ लागला.

काखेसाठी मिळालेले पॅड मात्र मी ठेवून दिलेत. धड बसत नाहीत आणि कातडी लाल होते. काखेला ॲल्युमिनियम क्लोराइडचा रोल-ऑन कितीतरी सोपा: रात्री पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचा, सकाळी धुवायचा. तो घामाच्या नलिकांची तोंडं बुजवतो. नुसता डिओ फक्त वास झाकतो. गोळ्यांचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला होता, पण त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. शस्त्रक्रियेत घामाचा हुकूम नेणारी नस कापतात किंवा दाबतात आणि मग पुष्कळांना पाठीला, पोटाला भरपाईचा घाम सुटतो. त्यापेक्षा ट्रे परवडले.

पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही बसवलेलं असेल, अपस्मार असेल किंवा गरोदरपण असेल, तर हे मशीन वापरू नये. घेताना करंटचा आकडा पडद्यावर दिसतो का आणि दिशा आपोआप बदलते का, एवढं नक्की पाहा. ती हाताने बदलायची असेल तर निम्म्यात करंट उतरवा, हात पुसा, पुन्हा बसा. या खटाटोपाला थोड्याच दिवसांत कंटाळाल आणि मशीन कपाटात जाईल.