श्रेडर, ८ महिन्यांनंतर: तीन मिनिटं काम, चाळीस मिनिटं झोप

ऑफिसमधला कागद कापायचा श्रेडर परवा पुन्हा बंद पडला, म्हणून लिहायला बसलोय.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो. नाशिकजवळ अंबडला आमचं छोटं युनिट आहे. हायड्रॉलिकचे टर्न्ड पार्ट, म्हणजे लेथवर घडवलेले भाग, करून जर्मनीला पाठवतो. मागच्या पावसाळ्यात एक्सलो पॉइंटला वडापाव घेतला, पुडी उलगडली तर आत आमचंच ड्रॉइंग. कस्टमरचं नाव, बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक), सगळं तेलात चमकत होतं. याच कस्टमरच्या एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, माझी सही आहे. घास उतरेना. रद्दी १४ रुपये किलोने मीच घातली होती, बोलणार कुणाला?

मग कंजूषपणा नडला. साडेचार हजारांचा, नुसत्या पट्ट्या काढणारा आणला. महिनाभर खूश होतो. एक दिवस बघतो तर पॅकिंगच्या पोरांनी त्याच पट्ट्या सँपलच्या खोक्यात भरायला घेतलेल्या. एक उचलली. कॉस्टिंग शीटची अख्खी ओळ! मटेरियल, सायकल टाइम (एक पार्ट करायला लागणारा वेळ), युरोतला रेट. शीट आडवी छापलेली असली की ओळ कागदाच्या लांबीने जाते आणि पट्टीही लांबीनेच निघते. खोकं निघालं होतं दुसऱ्याच कस्टमरकडे.

म्हणून हा क्रॉस कट, उभे-आडवे कापून तुकडे करणारा, घेतला, ११ हजारांचा. याची गुप्ततेची पातळी पी-४, म्हणजे तुकडा १६० चौरस मिलिमीटरच्या आत. कापतो झकास, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार झोपेची आहे. तीन मिनिटं चालला की लाल दिवा, मग चाळीस मिनिटं गार होत बसायचं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय म्हणे. आमचा कागद म्हणजे शॉप फ्लोअरवरून आलेली, कूलंटने (मशीन गार ठेवणाऱ्या द्रवाने) चिकट झालेली ड्रॉइंग. ए-थ्री असलं तर आधी फाडून दोन भाग करायचे. शनिवारचा गठ्ठा संपवायला दुपारचे चार वाजतात आणि मावशी तिथेच झाडू घेऊन उभ्या. चौथ्या महिन्यात पातं अडकलं. सर्व्हिसवाला आला, बोटाला लावून वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, हे शिलाई मशीनचं तेल. वॉरंटी गेली." कंपनीच्या तेलाची इवलीशी बाटली ४५० रुपयांना! पाऊण तास भांडलो, अडीच हजार मोजले.

तेव्हा मी याला एक स्टार देणार होतो. मत बदललं ते वकिलांमुळे. आमचा एक सुपरवायझर सोडून शेजारच्या गाळ्यात गेला, म्हणून मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नको ही अट कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या २७व्या कलमापुढे टिकायची नाही. गुपित चोरलं म्हणायचं तर ते जपायला तुम्ही काय केलंत, हे आधी दाखवा. बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स कराराच्या ३९व्या कलमातही तीच अट आहे. धंद्यातल्या गुपितांसाठी वेगळा कायदा करा असं लॉ कमिशनने मार्च २०२४च्या अहवालात सुचवलंय, पण तुमची रद्दी कुठे जाते ते सांगा.

मी गप्प. शिपिंग बिलाची (निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाची) चेकलिस्ट सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सच्या एजंटकडून, येते, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) चुकला की पुन्हा प्रिंट, असे चार-चार कागद एका कन्साइनमेंटचे. कस्टम्सला दिलेला हाच तपशील परवानगीशिवाय प्रसिद्ध केला तर कस्टम्स अ‍ॅक्टच्या १३५एए कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ पासून आहे ते. आणि मी किलोवर विकत होतो.

आता शनिवारची वाट बघत नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला अकाउंटच्या मॅडम आणि मी पंचवीस-तीस कागद घालतो, दिवा लागायच्या आत संपतात. ड्रॉइंगवर नंबर टाकून देतो. जुनं परत आल्याशिवाय नवीन प्रिंट नाही. पोरांच्या मोबाइलमधल्या फोटोंचं काय, ते या मशीनला विचारू नका. पेनड्राइव्ह बंद केले तेव्हा सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरने प्रोग्राम व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला होता, त्यावर वेगळं लिहीन.

तुकड्यांना रद्दीवाले मामा ४ रुपये देतात, तेही तोंड वाकडं करून.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तेलाच्या बाटलीचा कापला, एक झोपेचा.