साठ हजारांतला लॅपटॉप: एचपी, डेल, लेनोवो की आसूस?

पुण्यात टिळक रोडवरच्या दुकानात जाऊन ‘साठ हजारांपर्यंतचा लॅपटॉप दाखवा’ म्हटलं की काउंटरवर चार-पाच मशीनं येतात आणि बोलणं लगेच कंपनीवर जातं. एचपी टिकतो का, लेनोवोची सर्व्हिस कशी आहे, आसूस चालतो का. या किमतीत एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा दोन कंपन्यांमध्येही नसतो. त्यामुळे दुकानदाराला आधी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर विचारा.

उदाहरण म्हणून लेनोवोचा आयडियापॅड स्लिम ३ बघा. या एकाच नावाखाली एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर असलेलाही लॅपटॉप विकला गेला आणि रायझन ५ ७५३०यू असलेलाही. कार्डावर दोन्हीकडे ‘रायझन ५, ७००० सिरीज’ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ७५२०यूमध्ये झेन २ ही जुनी रचना आणि ४ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, तर ७५३०यूमध्ये झेन ३ आणि ६ कोर. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, तेवढा बघितला तरी पुरतं. ७५२०यूची आणखी एक अडचण म्हणजे तिची रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच, म्हणजे कायमची जोडलेली येते. ८ जीबीचं मॉडेल घेतलं तर ते शेवटपर्यंत ८ जीबीच. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून सोबत एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालवणाऱ्या मुलाला ते पहिल्याच वर्षी अपुरं पडेल. भावात दोन-चार हजारांचाच फरक असेल तर ७५३०यू घ्या, विचारही करू नका.

इंटेलमध्ये गोंधळ वेगळा आहे. आय५-१३३५यूमध्ये १० कोर आणि आय५-१३४२०एचमध्ये ८. आकडा बघून पहिला मोठा वाटतो. पण १३३५यूमध्ये ताकदीचे कोर २ आणि काटकसरीचे ८ असतात, तर १३४२०एचमध्ये ४ आणि ४. कोड कंपाइल करणं, व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, ऑटोकॅड अशा सलग जड कामात एच पुढे राहतो. दिवसभर ब्राउझर, एक्सेल आणि ऑनलाइन मीटिंग एवढंच असेल तर यू बरा, कारण तो बॅटरी कमी खातो आणि पंख्याचा आवाजही कमी येतो. पातळ बॉडीत एच चिप असेल तर पहिली काही मिनिटं वेग छान मिळतो, मग चिप तापली की वेग उतरतो. पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हे जास्तच जाणवतं. डेमो मशीनवर सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावू द्या अशी विनंती करा. काही दुकानदार लावू देतात.

रॅमच्या बाबतीत मात्र कंपन्यांचा खरा फरक दिसतो. डेल इन्स्पिरॉन १५ ३५२० आणि एचपी १५एसच्या इंटेल मॉडेलांत रॅमची पट्टी बसवायचे दोन स्लॉट असतात. आसूस व्हिवोबुक १५मध्ये सहसा ८ जीबी सोल्डर केलेली आणि वर एक स्लॉट. स्लिम ३मध्ये मॉडेलगणिक वेगळं: काहींत एक स्लॉट, काहींत एकही नाही. आयरिस एक्सई ग्राफिक्स असलेल्या इंटेल मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असेल तर ग्राफिक्स पूर्ण चालत नाहीत आणि विंडोज त्यांना ‘यूएचडी’ या साध्या ग्राफिक्सच्या नावाने दाखवतं. दुसरी पट्टी लावली की तेच मशीन आयरिस एक्सई दाखवू लागतं आणि ग्राफिक्सच्या कामात फरक स्पष्ट कळतो. पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५ हे नीट बघा, एकाची दुसऱ्यात बसत नाही. एचपी १५एस उघडताना काही स्क्रू खालच्या रबरी पट्टीखाली दडलेले असतात. ती रबरी पट्टी घाईत ओढली की फाटते आणि पुन्हा नीट चिकटत नाही. रॅम दुकानात बसवून घेणार असाल तर समोर उभं राहून बसवून घ्या आणि रॅमच्या पट्टीचं वेगळं बिल मागा.

स्क्रीनवर सगळ्यांनीच हात आखडता घेतला आहे. ‘फुल एचडी आयपीएस’ या शब्दांवर जाऊ नका. बहुतेक स्वस्त मॉडेलांत २५० निट (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असतं, म्हणजे एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या मापाच्या जेमतेम साठ-बासष्ट टक्के. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो. हिशोब, कोडिंग, अभ्यासासाठी चालेल. फोटो, डिझाइन किंवा यूट्यूबचं एडिटिंग करायचं असेल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं मॉडेलच घ्या, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आला तरी हरकत नाही. डेल ३५२०ची १२० हर्ट्झ स्क्रीन स्क्रोल करताना सुखद वाटते, पण रंग तेच फिके.

बॅटरी एचपी आणि डेलमध्ये ४१, व्हिवोबुकमध्ये ४२, स्लिम ३मध्ये बहुधा ४७ वॉट-अवर. टाइप-सी पोर्ट आहे म्हणून चार्जिंग होईलच असं नाही. एचपी १५एसमध्ये तो फक्त डेटासाठी असतो. स्लिम ३च्या बऱ्याच मॉडेलांत चार्जिंग होतं, आणि कॉलेजला चार्जर विसरला तर मित्राचा टाइप-सी चार्जर लावता येणं ही मोठी सोय आहे.

बजेट ओढूनताणून एक लाखापर्यंत जात असेल तर ॲपलचा मॅकबुक एअर आहे. त्याचं एम४ चिपचं मॉडेल मार्च २०२५मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आलं, सुरुवातीलाच १६ जीबी मेमरी, आत पंखा नाही. बॅटरी आणि स्क्रीनच्या बाबतीत वरचं एकही मशीन त्याच्या जवळ येत नाही. पण मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने तो घेऊ नये. त्याला लागणारी सॉलिडवर्क्स आणि अँसिस ही सॉफ्टवेअर मॅकवर चालत नाहीत.

पैसे देण्याआधी सील आपल्यासमोर फोडून घ्या. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दिसते ते बघा, जुनी तारीख असेल तर दुसरं मशीन मागा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी निवडा. रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट तिथे दिसतात.

आणि दुकानदाराला स्वतःच्या ईमेलने विंडोज सुरू करू देऊ नका. सोबत आलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर पहिल्यांदा नोंदवलं जातं त्यालाच कायमचं जोडलं जातं. शिवाय विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपांवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची रिकव्हरी की त्याच खात्यात ठेवतं. पुढे कधी मदरबोर्ड बदलावा लागला तर ती अठ्ठेचाळीस आकड्यांची की मागितली जाते, आणि ती नसेल तर आतली फाइल परत मिळत नाही. दुकानातच बसून स्वतःच्या फोनवरून स्वतःचं खातं उघडा, आणि घरी आल्यावर ती की कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा.