सरसकट अडसर की सौद्यागणिक छाननी?

भारताने १७ एप्रिल २०२० रोजी प्रेस नोट ३ काढली: जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची. अमेरिकेची परकीय गुंतवणूक तपासणारी, १९७५ पासूनची ‘सीफियस’ समिती मात्र, पैसा कुठल्याही देशाचा असो, एकेक सौदा तपासते.

आपला नियम सुटसुटीत. पळवाट शोधणं अवघड. पण तळेगावचं काय झालं? जनरल मोटर्सचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल या वाहन कंपनीला विकायचं जानेवारी २०२० मध्ये ठरलं. मंजुरी आलीच नाही आणि २०२२ च्या मध्यात सौदा बारगळला. तोवर उत्पादन बंद पडून कामगार टांगणीला लागले होते. कारखान्यासाठी ह्युंदाईशी करार झाला थेट २०२३ मध्ये. नकार देणं सरकारचा हक्कच आहे, पण तो वेळेत कळायला हवा.

सीफियसला मुदतीचं बंधन असतं: ४५ दिवस, चौकशी लागली तर आणखी ४५. मात्र ग्राइंडर हे डेटिंग अ‍ॅप चिनी कंपनीच्या हाती गेल्यावरच तिला जाग आली. वापरणाऱ्यांची ठिकाणं, एचआयव्हीची माहिती, सगळं त्यात होतं. २०२० मध्ये ते विकायला लावलं.

माझं मत: दारातली तपासणी आपलीच बरी, पण घड्याळ अमेरिकेचं हवं.