पन्नास एमएम: १.८ घ्यावी की १.२?

कॅननचा आरएफ माउंटचा (म्हणजे आरएफ लेन्स बसणारा) फुल फ्रेम (म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आहे आणि पन्नास एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घ्यायची आहे, तर दोन टोकं समोर येतात. एकीकडे २०२० साली आलेली एफ १.८ एसटीएम (एसटीएम हे फोकसच्या मोटरचं नाव), दुसरीकडे २०१८ची एफ १.२ एल (एल ही कॅननची वरच्या दर्जाची मालिका). एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, मोठं. किमतीत दहापटीच्या आसपास फरक. वजनही तसंच: पहिली १६० ग्रॅम, दुसरी ९५०. स्वस्त लेन्समध्ये सहा भिंगं आहेत, महागडीत पंधरा.

ही जास्तीची काच काय करते ते चेहऱ्यावर कळतं. मुहूर्ताआधी खिडकीशी बसलेली नवरी घ्या. फोकस डोळ्यावर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. १.८ मधून फोटो छानच येतो. पण कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम केलं की डोळ्याच्या पुढे असलेल्या नथीच्या मोत्यांवरच्या चकाकीला जांभळट कडा दिसते आणि मागे कानातल्या कुड्यांना हिरवट. कोपऱ्यात दिव्यांची माळ असेल तर तिथले दिवे ओढल्यासारखे, मऊ दिसतात. १.२ एलमध्ये या कडा बऱ्याच कमी, आणि कोपरेही पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला स्वच्छ. कडेला थोडा अंधार मात्र दोन्हींत येतो.

उजेडाचं गणित सरळ आहे. १.८ पेक्षा १.२ वर सव्वादोन पट उजेड आत येतो. संध्याकाळच्या मांडवात ही मोठी गोष्ट. पण एक मीटरवरून १.२ ला जेमतेम तीन सेंटीमीटर भाग फोकसमध्ये राहतो. डोळा धारदार आणि कान धूसर. नवरा-नवरी, मामा-मामी एका फ्रेममध्ये हवेत तर अ‍ॅपर्चर ४ किंवा ५.६ वर न्यावंच लागतं. आणि तिथे दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवले तर मला तरी फरक शोधावा लागतो.

म्हणून मी विचारणाऱ्याला आधी जुने फोटो उघडून ते कोणत्या अ‍ॅपर्चरला काढलेत ते बघायला सांगतो. बहुतेक फोटो ४ च्या पुढचे असतील तर १.८ घ्या आणि उरलेल्या पैशांत फ्लॅश किंवा दुसरी लेन्स बघा. जवळून फुलं टिपायची असतील तरी तीच बरी, कारण ती ३० सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, एल ४० पर्यंतच. पावसाळ्यात घाटात फिरणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं: धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारं सीलिंग फक्त एलला आहे.

अंधुक उजेडातले, एकाच चेहऱ्याचे फोटो हेच तुमचं पोट भरत असेल तर १.२ चे पैसे वसूल होतात. तरीही थेट विकत घेऊ नका. एक दिवस भाड्याने आणा, दिवेलागणीला घरातल्याच कुणाला पणतीसमोर बसवा, आणि १.८ नेही तोच फोटो काढा.